थ्रॉब, पल्स, बीट... आणि आपली ठसठस!

इंग्रजीत डोकं 'थ्रॉब' करतं, शहर 'थ्रॉब' करतं आणि हिरो तर चक्क 'हार्टथ्रॉब' असतो. दिवसभर ऑफिसात इंग्रजी झाडणाऱ्या आपल्याला हे सगळे ठोके वेगवेगळे ऐकू येतात का? मेलमध्ये गडबड झाली तर फार तर हसं होईल. डॉक्टरांच्या केबिनमध्ये मात्र हाच शब्द कामाचा ठरू शकतो.

सोमवार सकाळ. लॉगिन केलं की पहिला मेल एचआरचा, 'पल्स सर्व्हे' भरा, फक्त दोन मिनिटं लागतील. दुसरा कुठल्याशा पबचा, 'पल्सेटिंग बीट्स'सह लेडीज नाइट. शेजारच्या क्युबिकलमधला मित्र वीकेण्डचा हिशेब चुकता करत कपाळ दाबून बसलेला, 'यार, माय हेड इज पाउंडिंग!' कॅन्टीनच्या टीव्हीवर एक एक्स्पर्ट बाजाराची 'पल्स' सांगतोय. आणि टेबलावर पडलेल्या मासिकाच्या कव्हरवर कुणीतरी 'न्यू हार्टथ्रॉब' शर्टाची वरची तीन बटणं उघडी ठेवून हसतोय. अजून पहिला चहा यायचाय आणि पाच वेळा कशाचे ना कशाचे ठोके पडून झालेत!

मी काही भाषेची प्राध्यापक नाही. मासकॉम करून फ्रीलान्सिंग करणारी, शब्दामागे पैसे मोजून घेणारी मुलगी आहे. पण इंग्रजीतून मराठीत आणि मराठीतून इंग्रजीत उड्या मारणं हा माझा रोजचा धंदा. त्यात सगळ्यात जास्त ठेच लागते ती या ठोकेवाल्या शब्दांची. कारण डिक्शनरीत सगळ्यांपुढे थोडाफार सारखाच अर्थ दिलेला असतो, 'धडधडणे, स्पंदन पावणे'. आता प्रत्यक्षात 'माझं डोकं स्पंदन पावतंय' असं कोण म्हणतं सांगा!

आमच्या ग्रुपमधल्या एका कॉपीरायटर मित्राचा किस्सा तर आता लिजेंड झालाय. एका बिल्डरच्या प्रोजेक्टची इंग्रजी जाहिरात होती, शहराच्या 'थ्रॉबिंग हार्ट'मध्ये टू बीएचके. मराठी होर्डिंगसाठी कुणीतरी घाईघाईत लाइन पाठवली, 'शहराच्या ठसठसत्या हृदयात तुमचं घर'. क्लायंटच्या आईने वाचलं आणि विचारलं, 'अरे, तिथे गळू झालंय का?' होर्डिंग लागलं नाही, हे सांगायला नकोच.

हसू येतं, पण त्या माउलीने जे पकडलं ते डिक्शनरीला पकडता आलं नव्हतं. त्याकडे येऊच. आधी या शब्दांची ओळखपरेड.

ठोका एक, क्रियापदं अनेक

सुरुवात 'बीट'पासून. जुन्या इंग्रजीतलं हे क्रियापद, मूळ अर्थ मारणं, बडवणं. हृदय बीट करतं म्हणजे आतून ठोके मारतं. आपलाही 'ठोका' ठोकण्यातूनच आलाय, म्हणजे इथे दोन्ही भाषांचं छान जमलं. 'बीट' हा सगळ्यात न्यूट्रल शब्द. हृदयाची रोजची ड्युटी सांगायची तर हाच. मिनिटाला सत्तर ठोके धरले तर दिवसाला एक लाखाच्या वर होतात, आणि त्यातला एकही आपल्या लक्षात येत नाही. तेच 'बीट' डीजेच्या कन्सोलवर गेलं की ताल होतं आणि पोलिसांकडे गेलं की गस्त. पायांनी रस्ता तुडवत घातलेली फेरी म्हणून 'बीट', त्यावरून 'बीट मार्शल', आणि आम्हा पत्रकारांची क्राइम बीट, कॉर्पोरेशन बीटही!

हाच ठोका जोरात पडायला लागला की 'पाउंड'. याचा मूळ अर्थ कुटणं. खलबत्ता डोळ्यांसमोर आणा. शेवटची लोकल पकडायला दादरचा जिना दोन-दोन पायऱ्या करत चढलात की हार्ट 'पाउंड' करतं. पाऊस पत्र्यावर पाउंड करतो, कुणी दारावर मुठी पाउंड करतं. म्हणजे यात जोर हवा, आणि कुणीतरी मार खातंय असा भाव हवा. (ब्रिटिशांचा नोटेवरचा पाउंड मात्र वेगळा, त्याचं मूळ लॅटिनमध्ये वजनाशी आहे. तो फक्त खिशाला मारतो.)

'थम्प' हा आवाजावरून आलेला शब्द. वरच्या मजल्यावर काही जड पडलं की जो धप्प होतो, तो थम्प. बुलेटवाल्यांना विचारा, ते तासभर थम्पवर बोलतील. 'फ्लटर' म्हणजे पंखांची फडफड. क्रशचा मेसेज आला की हार्ट फ्लटर करतं, पाउंड नाही. बॉसचा मेसेज आला की उलट!

'पल्स' आला लॅटिनमधून. मूळ अर्थ ढकलणं. इम्पल्स, प्रोपेलर, कम्पेल, एक्स्पेल ही सगळी त्याचीच भावंडं, सगळ्यांत कुणीतरी कुणाला तरी ढकलतंय. हृदय रक्त ढकलतं, त्या ढकलण्याची लाट धमनीतून मनगटापर्यंत येते, तिथे बोट ठेवलं की लागते ती पल्स. म्हणजे 'बीट' छातीत आणि 'पल्स' मनगटात. हा काही शब्दांचा कीस नाही. हृदयाची लय बिघडलेल्या काही पेशंट्समध्ये छातीवर मोजलेले ठोके जास्त भरतात आणि मनगटावरचे कमी, कारण काही ठोके मनगटापर्यंत पोचण्याइतके दमदारच नसतात. या फरकाला डॉक्टर 'पल्स डेफिसिट' म्हणतात.

आणि जाता जाता, सुपरमार्केटच्या शेल्फवर तूर-मूग-मसुराला जे 'पल्सेस' म्हणतात, त्याचा नाडीशी काडीचाही संबंध नाही. तो शब्द आलाय लॅटिनमधल्या पेजेसारख्या एका जाडसर खाण्यावरून.

'पल्सेट' हा पल्सचा थोडा स्टायलिश भाऊ. फुगणं-आकसणं किंवा कमी-जास्त होत राहणं जिथे डोळ्यांना-कानांना जाणवतं तिथे तो. जेलीफिश पल्सेट करतो, डिस्कोचे लाइट्स पल्सेट करतात. चुरशीच्या मॅचलाही इंग्रज कॉमेंटेटर 'पल्सेटिंग' म्हणतात.

'पाल्पिटेट'चं मूळ सगळ्यात रोमँटिक, लॅटिनमध्ये हळुवार स्पर्श करणं. डॉक्टर पोट हाताने चाचपतात ते 'पाल्पेट', आणि मीटिंग रूममधलं टेन्शन हात लावता येईल इतकं जाणवतं तेव्हा ते 'पाल्पेबल'. आज पाल्पिटेशन हा शब्द बहुतेक वेळा डॉक्टरांकडेच ऐकू येतो. त्याचा अर्थ हृदय जोरात धावतंय एवढाच नाही. एरवी ज्याचा पत्ता नसतो तो ठोका आपला आपल्याला जाणवायला लागणं, हे पाल्पिटेशन. आपलं 'छातीत धडधडतंय' इथे एकदम फिट.

आणि आता आपला हिरो, 'थ्रॉब'. साधारण चौदाव्या शतकापासून इंग्रजीत दिसतो, पण त्याला ना लॅटिन खानदान ना जर्मन. अभ्यासकांचा अंदाज असा, की त्या जाणिवेची नक्कल करतच तो शब्द तयार झाला असावा. अगदी आपल्या ठसठशीसारखा! थ्रॉब हा आतला शब्द. बाहेरच्याला तो दिसेलच असं नाही, ज्याचं त्याला कळतं. ठेचाळलेला अंगठा थ्रॉब करतो, दाढ थ्रॉब करते, जहाजाचं इंजिन थ्रॉब करतं कारण ते कानांपेक्षा पायांखालच्या फळ्यांतून जास्त कळतं.

दुखण्याची डिक्शनरी

आता जरा सीरियस व्हायला हवं. कारण याच शब्दांची एक यादी अशी आहे की जी कवींनी नाही, डॉक्टरांच्या दुनियेने बनवली.

कॅनडात माँट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात रोनाल्ड मेलझॅक नावाचे मानसशास्त्रज्ञ होते (2019 मध्ये ते गेले). त्यांना एक साधी गोष्ट खटकत होती. पेशंटला विचारतात, 'दुखतंय का? किती दुखतंय?' पण कसं दुखतंय, ते कोण विचारणार? भाजल्याचं दुखणं, दाढेचं दुखणं आणि पोटात कळ येणं या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. मग पेशंट वापरतात ते शब्द त्यांनी गोळा केले, गटांत लावले, आणि 1975 मध्ये 'मॅकगिल पेन क्वेश्चनेअर' प्रसिद्ध झालं. 78 शब्द, 20 गट. प्रत्येक गटातला आपल्याला लागू पडेल तो शब्द निवडायचा.

त्या वीस गटांतला पहिलाच गट आपल्या ठोकेवाल्यांचा आहे! क्रम असा: फ्लिकरिंग, क्विव्हरिंग, पल्सिंग, थ्रॉबिंग, बीटिंग, पाउंडिंग. दिव्याच्या ज्योतीसारखं लुकलुकणाऱ्या दुखण्यापासून ते घणाचे घाव घालणाऱ्या दुखण्यापर्यंत, चढत्या तीव्रतेने. आपण मेलमध्ये जे शब्द एकमेकांच्या जागी सर्रास फेकतो, त्यांना इथे चक्क पायऱ्या आहेत.

पुढे 1987 मध्ये याच प्रश्नावलीची छोटी आवृत्ती आली, फक्त 15 शब्दांची. पहिल्या गटातले पाच शब्द गळले आणि एकच टिकला. कुठला? थ्रॉबिंग. आणि तोही यादीत पहिल्या नंबरवर.

डोकेदुखीतही हा शब्द काम करतो. मायग्रेन ओळखण्यासाठी जगभर जे निकष वापरतात, त्यांत दुखण्याची चार लक्षणं दिलेली आहेत: एका बाजूला दुखणं, ठोके पडल्यासारखं दुखणं, मध्यम ते तीव्र दुखणं, आणि चालण्या-जिना चढण्यासारख्या साध्या हालचालीने ते वाढणं. यांतली किमान दोन हवीत. सोबत मळमळ, उजेड-आवाज नकोसा होणं हेही बघतात. उलट टेन्शनच्या डोकेदुखीत डोकं दोन्ही बाजूंनी दाबल्यासारखं, पट्टा आवळल्यासारखं होतं, ठोके पडत नाहीत. म्हणजे डेडलाइनच्या दिवशी 'डोकं दुखतंय' म्हणणाऱ्या दोघांपैकी एकाचं 'जड' झालेलं असतं आणि एकाचं 'ठणकत' असतं, आणि दोघांना एकच गोळी देऊन चालेलच असं नाही. (आणि आयुष्यात कधी दुखलं नव्हतं असं डोकं एकदम अचानक दुखलं, तर शब्द शोधत बसू नका, थेट हॉस्पिटल गाठा.)

आजीचं बोट

याचा प्रत्यय मला घरातच आला. मागच्या पावसाळ्यात आजीला नखुर्डं झालं. चार दिवस हळद-तूप झालं, शेवटी एका रात्रीनंतर ती स्वतःच म्हणाली, 'चल गं, दाखवून येऊ.' ड्युटीवरचा डॉक्टर माझ्याहून लहान दिसत होता. परराज्यातून आलेला, मराठी नुकतंच शिकत होता बिचारा. त्याने फॉर्म पुढे ओढला आणि नियमाप्रमाणे विचारलं, शून्य ते दहा, पेन किती?

मी विचारलं. आजी म्हणाली, 'दहापैकी किती ते मला काय ठाऊक? परीक्षा आहे का ही?'

मग तिने तिच्या पद्धतीने सांगितलं. 'दुखतं ते वेगळं आणि हे वेगळं. हे ठसठसतंय. रात्रभर डोळ्याला डोळा नाही. हात खाली सोडला की जास्त, उशीवर उंच ठेवला की जरा बरं.'

मी म्हटलं, 'थ्रॉबिंग. ऑल नाइट. हात खाली केला की वर्स.'

त्याचं पेन थांबलं. त्याने बोट पुन्हा नीट बघितलं, सीनियर सर्जनना फोन लावला, आणि अर्ध्या तासात आजीच्या बोटाला छोटा छेद देऊन आतला पू काढून टाकला होता. त्या रात्री आजी घोरत होती!

दुसऱ्या दिवशी ड्रेसिंगला गेलो तेव्हा त्या सर्जनबाईंनी समजावलं. सूज असेल तर दुखतंच. पण बंद जागेत पू साठला की दाब वाढतो, आणि दुखणं ठोक्या-ठोक्याने यायला लागतं. झोप उडवणारी ठसठस म्हणजे पू झाला असावा, ही सर्जरीतली जुनी खूण आहे. बोट बघून ते कळतंच असं नाही, पेशंटच्या शब्दातून कळतं.

मी आजीकडे बघितलं. शाळा चौथीपर्यंत. मॅकगिलचं नाव ऐकलेलं नाही. पण 'दुखतं ते वेगळं आणि हे वेगळं' हे मेलझॅक यांचंच म्हणणं तिने एका वाक्यात बसवलं होतं.

नाडी आणि ठसठस यांची ताटातूट

इथे एक ट्विस्ट आहे. आपल्या सगळ्यांची समजूत अशी की ठसठस म्हणजे नाडीच. रक्ताचा प्रत्येक ठोका दुखऱ्या जागी आपटतो आणि तो आपल्याला कळतो. इंग्रजीतही थ्रॉबचा शब्दशः अर्थ तोच धरला जातो.

अमेरिकेत फ्लोरिडा विद्यापीठातल्या संशोधकांनी हे मोजूनच बघायचं ठरवलं. दाढदुखीने ठणकणारे 29 पेशंट घेतले. दुखण्याचा ठोका जाणवला की खूण करायची, आणि त्याच वेळी यंत्रावर त्यांची नाडीही नोंदवली जाणार. 2012 मध्ये 'जर्नल ऑफ न्यूरोसायन्स'मध्ये निकाल छापून आला. नाडी सरासरी मिनिटाला 73. आणि ठणका? 44! दोघांचा वेगही जुळेना आणि तालही जुळेना.

म्हणजे जो ठोका आपण रक्ताचा समजतो, तो सरळसोट रक्ताचा नाही. दुखण्याची ही लय मेंदूतही तयार होत असावी, असा संशोधकांचा रोख. याने आजीच्या बोटाची खूण काही खोटी ठरत नाही. ठसठस जाणवते हे खरंच, आणि डॉक्टरांना ती उपयोगी पडते हेही खरंच. फक्त तिचा ड्रमर कोण, हा प्रश्न ओपन आहे.

मला यातली गंमत भाषेची वाटते. शब्दशः अर्थ म्हणजे शरीर आणि लाक्षणिक अर्थ म्हणजे शहर, सिनेमा, मार्केट, अशी आपण सरळ वाटणी करतो. पण 'माझी दाढ नाडीसारखी ठणकतेय' हीसुद्धा मोजून बघितलं तर एक उपमाच निघते!

शरीराबाहेर पडलेले ठोके

एकदा शरीराबाहेर पडले की हे शब्द कुठे कुठे जातात बघा.

1967 मध्ये केंब्रिजला जोसेलिन बेल या रिसर्च स्टुडंटला रेडिओ दुर्बिणीच्या कागदावर एक विचित्र खूण दिसली. आकाशातून दर 1.337 सेकंदांनी, घड्याळालाही लाजवेल असा नियमित सिग्नल येत होता. अशा ताऱ्यांना नाव मिळालं 'पल्सार', पल्सेट होणारा तारा. पण तो तारा मुळी फुगत-आकसत नाही! तो स्वतःभोवती गरगर फिरतो आणि दीपगृहाच्या झोतासारखा त्याचा झोत दर फेरीला आपल्यावरून जातो. ठोका फक्त आपल्याला भासतो. शब्द चुकला, पण चिकटला तो चिकटलाच. पुढे 2001 मध्ये पुण्याच्या बजाजने 'पल्सर' नावाची बाइक आणली आणि कॉलेजच्या पार्किंगमध्ये खरोखर पुष्कळांची धडधड वाढली.

'पल्स पोलिओ' आपण इतक्या वेळा ऐकलंय, पण त्यात 'पल्स' कशाला, हे कधी विचारलंय? भारतात ही मोहीम 1995 मध्ये सुरू झाली. एरवी लसीकरण वर्षभर संथ चालू असतं. इथे मात्र ठरलेल्या दिवशी देशभरातल्या पाच वर्षांखालच्या सगळ्या मुलांना एकदम डोस. मग थांबायचं, आणि पुन्हा एकदम. नाडीसारखा, एका झटक्यात सगळ्या शरीरभर जाणारा धक्का. शरीर म्हणजे अख्खा देश! 2014 मध्ये भारतासह जागतिक आरोग्य संघटनेचा आग्नेय आशिया विभाग पोलिओमुक्त जाहीर झाला. इतक्या जिवावरच्या कामाला आलेला लाक्षणिक शब्द मला तरी दुसरा माहीत नाही.

2020 मध्ये कोविडच्या काळात घराघरांत आलेल्या पल्स ऑक्सिमीटरमध्ये मात्र 'पल्स' शंभर टक्के शब्दशः आहे. बोटातून प्रकाश जातो, नाडीबरोबर तो कमी-जास्त होतो, आणि त्यावरून रक्तातला ऑक्सिजन कळतो. ही कल्पना जपानच्या ताकुओ आओयागी यांची, 1970 च्या दशकातली. ज्या एप्रिल 2020 मध्ये सगळं जग ते यंत्र शोधत मेडिकलच्या दुकानांत फिरत होतं, त्याच महिन्यात ते गेले.

आणि 'हार्टथ्रॉब'! हा शब्द आधी हृदयातल्या भावनेसाठी होता, माणसासाठी नव्हता. मग विसाव्या शतकात सिनेमा आला आणि ठोका ज्याच्यामुळे पडतो त्यालाच ठोका म्हणायला लागले. आपल्याकडेही तेच झालं की! 1992 चा 'बेटा' आला आणि माधुरी दीक्षित 'धकधक गर्ल' झाली ती झालीच.

आपलं गळू, त्यांची गंमत

आता पुन्हा त्या होर्डिंगकडे. ती आई बरोबर का होती?

इंग्रजीत थ्रॉबला दोन घरं आहेत. अंगठ्यात असेल तर वेदना, शहरात असेल तर चैतन्य. 'द स्ट्रीट थ्रॉब्ज विथ म्युझिक' म्हटलं की ऐकणाऱ्याला नाचावंसं वाटतं. मराठीत ठसठस शरीराबाहेर पडते, पण तिची जखम सुटत नाही. वाटणीत डावललेल्या भावाच्या मनात काहीतरी ठसठसत राहतं. प्रमोशन हुकल्याची ठसठस नवी नोकरी लागली तरी जात नाही. अग्रलेखात 'ठसठसती जखम' असते, 'ठसठसता उत्सव' कधीच नसतो. ठणक्याचंही तेच. (आणि तरी तब्येत उत्तम असली की आपण 'ठणठणीत' म्हणतो! भाषेला लॉजिक विचारू नये.)

मग आनंदाचे ठोके मराठीत नाहीत? भरपूर आहेत, फक्त ते दुसऱ्या दुकानात मिळतात. रस्ता गजबजतो. तरुणाई सळसळते. वीरांचे बाहू स्फुरतात. गणपतीत लक्ष्मी रोड दुमदुमतो, आणि ढोल पथकाच्या समोर उभं राहिलात तर छातीत जे होतं ते धडधडणंच, तिथे शब्दशः आणि लाक्षणिक असा फरकच उरत नाही. भीतीने काळजाचा ठोका चुकतो, धाबं दणाणतं. आणि खोटं बोलणारा समोरासमोर बोलला की ते 'धडधडीत' खोटं!

म्हणून शब्दाला शब्द ठेवून चालत नाही. इंग्रजीत एकच थ्रॉब दुखणं आणि जल्लोष दोन्ही सांभाळतो. आपल्याकडे दोघांची खाती वेगळी आहेत. आणि आपण दिवसभर इंग्रजीत वावरून हळूहळू ती खाती मिटवत चाललोय, याची मला जास्त काळजी वाटते. माझ्या वयाच्या कितीतरी जणांना 'पेन' यापलीकडे दुखण्याला शब्द सुचत नाही. ठणका, ठसठस, कळ, चमक, सणक, आग, रग, ओढ, टोचणी. घरात पडून असलेली ही सगळी हत्यारं आहेत, मॅकगिलच्या तोडीची. आजीच्या बोटाला त्यातलं एकच पुरलं.

चौकट: कुठे काय वापराल?

- बीट: हृदयाची रोजची ड्युटी, गाण्याचा ताल. बोट किंवा दाढ सहसा बीट करत नाही.
- पाउंड: धावल्यावर, घाबरल्यावर, हँगओव्हरमध्ये. मराठीत: धडधडणं, डोक्यात घण पडणं.
- थ्रॉब: गळू, दाढ, ठेच, मायग्रेन. मराठीत: ठसठसणं, ठणकणं. शहर थ्रॉब करत असेल तर मराठीत गजबजणं.
- पल्स: मनगट, जनमत, मार्केट. मराठीत: नाडी. 'लोकांची नाडी ओळखणं' अगदी बरोबर.
- पल्सेट: लाइट्स, म्युझिक, चुरशीची मॅच.
- पाल्पिटेशन: छातीत धडधडतंय आणि ते जाणवतंय, हे डॉक्टरांना सांगताना. चक्कर, छातीत दुखणं किंवा धाप सोबत असेल तर उशीर नको.

तेव्हा पुढच्या वेळी डॉक्टरांसमोर बसलात की आधी डोळे मिटून घरच्या भाषेत विचार करा. कसं दुखतंय? थांबून-थांबून की सलग? ठोके पडतात की आवळतं? रात्री वाढतं का? मराठीत नेमका शब्द सापडला की इंग्रजी शब्द आपोआप मागे येतो. डॉक्टरांना मराठी येत असेल तर तेवढीही गरज नाही.

आणि अप्रेझलच्या मेलमध्ये 'आय अॅम प्राउड ऑफ माय थ्रॉबिंग टीम' असं लिहायची फारच हुक्की आली, तर थांबा. टीमला आधी एखाद्या सर्जनला दाखवून घ्या!